लाल्याचं आवतन

तो अर्ज मी आजही विसरलेलो नाही. नोकरीची शेवटची वर्षं मी यवतमाळला सायबर पोलीस ठाण्यात काढली. एका सकाळी तिशीतल्या एक बाई अर्ज घेऊन आल्या. 'ऑनलाइन शंकरपटाची चोरी' हा विषय वाचून ठाणे अंमलदार मिशीत हसले. मीही हसलो, याची मला अजून लाज वाटते.

बाईंनी नोकरी सोडून मोबाईलवर खेळायचा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा खेळ बनवला होता. तो ज्या मूळ फायलींवर चालतो, त्या कुणीतरी दुसऱ्याच सर्व्हरवर चढवल्या. खेळाचं नाव बदललं, बाईंचं नाव काढलं आणि खेळ फुकट वाटला. खेळणारे धडाधड तिकडे गेले.

"दिवाळीपर्यंत असंच चाललं तर मले बंदच करा लागते, साहेब," त्या म्हणाल्या. "चार वर्षं दुसरं काही केलं नाही मी."

गुन्हा नोंदवला. सर्व्हर परदेशातला. कंपनीला पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही. फायली चाचणीसाठी फक्त तिघांना दिल्या होत्या. तिघांचे जबाब घेतले, तिघांनी कानावर हात ठेवले. तपास तिथेच अडकला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाई धावत ठाण्यात आल्या. एका ओळखीच्या खेळाडूने चोरीच्या खेळातला स्क्रीनशॉट पाठवला होता. आपल्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. बाईंनी ते खेळात घातलं होतं. वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी ते दिसायचं, म्हणून चोराच्या नजरेतून सुटलं. पडद्यावर होतं: 'लाल्या, बांड्या, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'

तिघांना दिलेल्या प्रतींत बाईंनी ज्याच्या त्याच्या घरच्या बैलांची नावं टाकली होती. मी त्यांच्या हुशारीचं कौतुक केलं, तर त्यांचे डोळे भरून आले.

"पकडायसाठी नाही हो, साहेब. खूश होतील म्हणून टाकली. लाल्या-बांड्या राळेगावकडच्या त्या भाऊचे. तो मले ताई म्हणते."

तो शेतकरी स्वतःच्या जिद्दीवर संगणक शिकलेला. त्याच्याच लाल्याची धाव चित्रित करून बाईंनी खेळातला पहिला बैल उभा केला होता.

पंचांसमोर पडद्यावरचं सगळं त्याच संध्याकाळी नोंदवून घेतलं. पोळ्याच्या दिवशी मात्र मी कुणाच्या दारात पोलीस पाठवत नसे. तिसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. सर्व्हर विचारला, पासवर्ड विचारला, प्रत्येकाला एकच उत्तर: "मले नाई मालूम." संगणकाबद्दल माणूस सहज खोटं बोलतो. मी प्रश्न थांबवले आणि स्क्रीनशॉटचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो दोनदा वाचला.

"हे ताईनं टाकलं?"

"हो. तुझ्यासाठी."

मग तो लहान मुलासारखा रडला. "लाल्या मेला, साहेब, मागच्या साली. साप चावला. मंग ताईनं खेळात नवे बैल आनले, लाल्याले काढून टाकलं. माह्याजोळ जुना खेळ व्हता. मले पैसे नोको व्हते. त्याले पयताना पाहाचं व्हतं. पन पटात एकटा कसा पयन तो? म्हनून गावातल्यायले देला. मंग तो कुठच्या कुठं गेला, नाव कोनं बदललं, खरंच मालूम नाई."

"ताईला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? बैलासाठी रडून राह्यलो म्हनून?"

त्याचा संगणक जप्त करताना त्याने हात जोडले. एकदा, फक्त एकदा लाल्या पळताना बघू द्या. तो पुरावा होता, मी नाही म्हणालो. नकार नियमाला धरून होता, तरी मनाला लागून राहिला.

दोषारोपपत्र मी पाठवलंच. एका बाईची चार वर्षं बुडत होती, तिथे दयामाया चालत नाही. बाईही तक्रारीवर ठाम राहिल्या. "माह्या मेहनतीचं काय?" त्या म्हणाल्या, आणि जाता जाता दारात थांबल्या. "पण मले एकदा म्हटलं असतं तर मी लाल्याले काढलंच नसतं."

कोर्टाचा आदेश गेल्यावर कंपनीने चोरीचा खेळ बंद केला, खेळणारे हळूहळू परतले. खटला अजून चालू आहे. मी आरोपीला 'कसं केलंस' हे आधी विचारायचो. त्या दिवसापासून 'काय गेलं तुझं' हेही विचारू लागलो. शिकायला जरा उशीरच झाला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या शेतकऱ्याचा फोन आला.

"साहेब, ताईच्या खेळात पाहा. लाल्याले आवतन आलं."

मी म्हणालो, "मग उद्या त्याच्या नावाचं पान वाढ."

"वाढतो, साहेब," तो म्हणाला. "आन् ताई येऊन राह्यली जेवाले."