दोरीपलीकडचं जातं

कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या उन्हाळ्यात मुलगा मला आणि नातीला एडमंटनबाहेरचं एक जुनं घर दाखवायला घेऊन गेला. पहिल्या वसाहतकऱ्यांचं लाकडी घर, आता म्युझियम. स्वयंपाकघरात दोरीपलीकडे एक दगडी जातं होतं. कुणा बाईनं ते युक्रेनहून बोटीतून आणलेलं. पाटी वाचून मुलगा असा गहिवरला, जणू ती बाई त्याची सख्खी आजी. नातीनं हात पुढे केला तर त्यानं तो मागे ओढला. "डोन्ट टच. इट्स हेरिटेज."

लग्न होऊन आले तेव्हा मीही नागपूरहून पाटा-वरवंटा आणला होता. सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून विमानतळावर चार साड्या काढून आईच्या हातात दिल्या, पण तो सोडला नाही. याच मुलाच्या बारशाला त्या वरवंट्याला टोपडं घालून त्याच्याआधी पाळण्यात निजवलं होतं. आमचे हे गेल्यावर मी मुलाच्या बेसमेंटमध्ये राहायला आले, तेव्हा "आई, ब्लेंडर आहे ना," म्हणत त्यानं दोन्ही गार्बेजमध्ये टाकले. वरवंटा गेला. पाटा जड म्हणून कचरेवाल्यांनी उचलला नाही. मग त्यानं तो मागच्या दाराशी बसवला, चिखलाचे बूट पुसायला.

"आजी, डिड यू ब्रिंग वन टू?" नातीनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मुलगा हसून म्हणाला, "नो, आजी केम बाय प्लेन."