बापूचा अंदमानचा मासा

पंचगंगेच्या काठाला गळ टाकून बसणाऱ्या आम्ही चौघांनी वीस वर्षांत मासे किती धरले ते विचारू नका. किस्से विचारा! गळ पाण्यात, माणूस काठावर आणि तोंड रिकामं. मग साठणार काय दुसरं? त्यातले अंदमानचे तेवढे सांगते. बाकीचे बायकांनी ऐकण्यासारखे नाहीत, असं बापू म्हणायचा. मी ऐकलेत की सगळे!

आधी माणसं सांगते. बापू शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर होता. लोखंड ओतायला वाळूचे साचे करण्यात हयात गेली. रफिकभाई सायकल दुरुस्तीवाला, आमच्या गळांची रिळंही तोच उघडतो. बसूअण्णा पेठ वडगावचा बियाण्यांचा दुकानदार. लिंगायत, घरात अंडंसुद्धा चालत नाही. आणि मी, चौथी शिकलेली. गाठी मारायला फोनवर बघून बघून शिकले. माझी गाठ आजवर सुटलेली नाही. ज्याला शंका असेल त्यानं ओढून बघावं.

*

खूळ आलं बापूच्या फोनवरून. अंदमानचं निळं पाणी, होडी, आणि एका माणसाच्या हातातला रॉड कमानीसारखा वाकलेला. बापूनं तो व्हिडिओ आम्हाला एका बैठकीत सात वेळा दाखवला.

"आक्का, असा रॉड वाकला पायजे. एकदाच. मग मेलो तरी चालतंय."

"मरायला अंदमानला कशाला? हितंच मर की!" मी म्हणाले.

तेव्हा त्याला नुसता खोकला होता. मला काय माहीत!

*

व्हिडिओखालच्या नंबरावर होडीवाल्याला फोन लावला. चौघांत हिंदी माझी खणखणीत, म्हणून मीच बोलले. (रफिकभाईची माझ्याहून बरी आहे, पण फोन माझ्या हातात होता.) होडीवाला म्हणाला, मोठा मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. आमच्याकडं पद्धतच तशी.

बसूअण्णा उठून उभाच राहिला. "अय्यो! हे तर आमच्यासाठीच केलंय की!" वीस वर्षं हा माणूस घरी 'नदीवरच्या महादेवाला जातो' म्हणून सांगून येत होता. धरलेला मासा रफिकभाईच्या पिशवीत टाकायचा आणि हात तीन-तीनदा धुऊन जायचा.

बापू मात्र पेटला. "इमानानं जायाचं, धरायचा, फोटू काढायचा आनि सोडायचा? पोरगी बघाय चाललोय काय, पोहे खाऊन परत याय? आक्का, सांग त्याला, कोल्हापुरात धरलेलं सोडत न्हाईत!"

मी होडीवाल्याला सांगितलं, "हाँ हाँ, छोड़ देंगे."

*

समुद्र मोठा, म्हणजे गळ बुडवायचं शिसंही मोठं पाहिजे, असा बापूचा हिशेब. घरामागं वाळूचा साचा करून त्यानं अर्ध्या-अर्ध्या किलोची शिशाची वजनं ओतली. देखणी! चाळीस वर्षं दुसऱ्याचा माल ओतलेला माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी ओतत होता. प्रत्येक वजनावर कोल्हापूरचं 'को' अक्षर उठवलं होतं.

बॅग भरून झाली. रफिकभाई उचलायला गेला आणि नुसती मूठ त्याच्या हातात आली. बॅग होती तिथंच!

"आरं, कपडे कुटं हायत?" मी विचारलं.

"न्हाय मावले."

बसूअण्णा घाबरून म्हणाला, "आनि इमान समुद्रात पडलं तर?"

"तर सरळ तळाला जातोय की! मासं तिथंच असत्यात."

*

मोठ्या माशाची तालीम रफिकभाईच्या सायकलवर व्हायची. कॅरिअरला तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, बांधायची. रफिकभाईनं बोळातून सुसाट जायचं आणि बापूनं रॉड धरून त्याला मागं ओढायचं. पहिल्या वेळी बापूनं असा हिसका दिला, की रफिकभाई सायकलीसकट उकिरड्यात! अख्खा बोळ हसला.

दिवाळीनंतर पुन्हा तालीम ठेवली. सायकल निघाली तसा रॉड बापूच्या हातातून सुटला आणि खडखडत बोळाच्या टोकापर्यंत गेला. बापू कठड्याला धरून खोकत बसला. कुणी हसलं नाही.

रफिकभाई रॉड उचलून आणत म्हणाला, "नवी चेन टाकलीया बापू. लई जोरात पळतीया."

चेन जुनीच होती. मी बघितली होती.

*

डॉक्टर म्हणाले, विमान नाही.

मी ऐकते होय? "तुम्ही फुप्पुसाचे डॉक्टर की इमानाचे?" आवाज बाहेरच्या बाकड्यांपर्यंत गेला असणार. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला लावला आणि सगळीकडं पसरलेले पांढरे ठिपके दाखवले. चाळीस वर्षांची फौंड्रीतली धूळ, म्हणाले. ती आता निघत नाही.

बापूनं चष्मा लावून एक्स-रे नीट बघितला, कारखान्यात माल तपासावा तसा.

"वाळू आत र्‍हायली म्हना की," तो म्हणाला. "मग बरोबर हाय, डॉक्टरसाहेब. आमच्यात बी असला माल रिजेक्टच करत्यात."

रिक्षात मी बाहेरच्या पाट्या वाचत बसले. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि बापूसमोर मी रडत नसते.

*

मग बापू खाटेवरून उठेनासा झाला. एका सकाळी त्यानं रॉड मागितला. रफिकभाईनं त्याला उशांना टेकवून बसवलं, रॉड हातात दिला आणि तंगूस खिडकीच्या गजांतून बाहेर सोडला. अंगणात मी आणि बसूअण्णा.

बसूअण्णा दोरीला हात घालायला गेला. "सरका!" मी म्हणाले, आणि तंगूस कमरेला गुंडाळून माझी गाठ मारली.

"आक्का, हळू ओढा हां," बसूअण्णा कुजबुजला. "माणूस आजारी हाय."

"हळू ओढलं तर त्याला कळंल."

आणि मी पळाले. सत्तरीतले गुडघे घेऊन शेवग्याच्या झाडाकडं पळाले. मागं रीळ करकरलं. खिडकीत रॉडचं टोक वाकलं, पार गजाला टेकलं.

"लागला!" आतनं बापू ओरडला. "लागला रं रफिक!"

मी डावीकडं गेले, त्यानं ओढलं. उजवीकडं गेले, त्यानं ढील दिली आणि पुन्हा ओढलं. पदर कुठं, चप्पल कुठं! शेजारीपाजारी गडग्यावरून बघत होते. बसूअण्णा तुळशीकडं तोंड करून उभा होता. मी टाच रोवली आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. तंगूस ताठ. मी हलेना, तो सोडेना.

मग आत आवाज आला, "रफिक, कातर दे."

तंगूस एकदम सैल पडला आणि मी मातीत बसले. कमरेची गाठ तशीच होती.

खिडकीतनं बापूचा आवाज आला, धापा टाकत, "आक्का, लई मोठा हुता! सोडला."