एका दमाची काठी

महालिंगप्पाला शिंकताना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. शिंक येतेय असं वाटलं की तो आधी आडोसा गाठायचा. भिंतीला पाठ टेकवायची, डावा हात सदऱ्याखाली घालून जांघ घट्ट दाबून धरायची आणि मगच शिंकायचं. तामलवाडीच्या खताच्या दुकानात तो हमाली करत होता आणि तिथं आडोशाला तोटा नव्हता. युरियाच्या थप्पीमागं जाऊन तो शिंकून यायचा. दुकानदाराला वाटायचं, माणूस तंबाखू खायला जातो.

जांघेत लिंबाएवढी गाठ होती. दिवसभर पोती वाहिली की ती बाहेर यायची आणि आडवं पडलं की आत जायची. जुनी माणसं याला अंतर्गळ म्हणतात. चार वर्षांपूर्वी महालिंगप्पानं सोलापुरात जाऊन गुपचूप एक पट्टा आणला. तो आवळून बांधला की गाठ आत राहायची आणि गोष्ट घरात राहायची. त्याला दुसरीचीच काळजी जास्त होती.

कारण त्याच्या घराला काठीचा मान होता. पंचवीस फुटी बांबू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, वर पितळी कळस. गावच्या जत्रेत ही काठी एकट्या माणसानं देवळापासून वेशीपर्यंत न्यायची. कमरेला चामडी पट्टा असतो, त्याला पुढं खोबणी असते, तिच्यात काठीचा बुडखा बसवतात आणि सगळा भार ओटीपोटावर घेऊन माणूस चालतो. नियम एवढाच, की ज्या घरानं एकदा काठी नाकारली त्या घराचा मान गेला. तो भावकीतल्या हणमंतप्पाच्या घरी जाणार आणि पुन्हा परत येणार नाही. चार पिढ्या सांभाळलेली गोष्ट आपल्या हातून जाऊ नये, एवढीच महालिंगप्पाची इच्छा होती. त्यापायी तो शिंकसुद्धा चोरून शिंकत होता.

या घराची काठी डुलत नाही, अशी ख्याती होती. त्यामागं काहीतरी मंत्र असावा असं लोक म्हणायचे. मंत्र होता दोन कानडी शब्दांचा. पणजोबानं आजोबाच्या कानात सांगितलेला, आजोबानं बापाच्या. ‘उसिरु हिडी’. श्वास धर. गुडघ्यावरून उठताना पोटात हवा कोंडायची, अंग लाकडासारखं करायचं आणि एका दमात उभं राहायचं. महालिंगप्पा काठी तशीच उचलायचा आणि पोतंही तसंच उचलायचा. दुसरी रीत असते हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मुलाच्या डोक्यात मात्र ती होती, पण ती जिमपुरती. उमाशंकर तुळजापुरात जिममध्ये ट्रेनर होता. अंगानं असा की सदऱ्याची बटणं रोज परीक्षेला बसायची. तिथं तो पोरांना दिवसभर सांगायचा, वजन उचलताना श्वास सोडा, कोंडू नका. घरी आला की मात्र हा शहाणपणा चपलांबरोबर बाहेर राहायचा. घराचा मंत्र तो घराचा मंत्र.

त्या वर्षी जत्रेला तीन महिने असताना गाठ एकदा आत जाईनाच. दुपारभर महालिंगप्पा थप्पीमागं उताणा पडून राहिला, घामानं भिजला, संध्याकाळी कशीबशी गाठ आत गेली. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडं गेला. डॉक्टर तरुण होते, पण गुळमुळीत बोलणारे नव्हते.

“नुसत्या वजनानं होत नाही हे. पोटाची भिंत काहींची मुळातच कच्ची असते. त्यात दम कोंडून जोर लावला की ती तिथं फाकते. वडलांना होतं का?”

वडील चालताना डावा हात धोतराच्या सोग्यात घालून चालत. आजोबाही. गावात त्याला ऐट समजत.

“असंल,” महालिंगप्पा म्हणाला.

“आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशन करून आत जाळी बसवून घ्या, आणि तीन महिने जड काही नाही.”

म्हणजे काठी नाही. पण त्याला फार वाईट वाटलं नाही. मुलगा होता की. मान घरातच राहणार होता. बसमधून उतरल्यावर त्यानं पेढेसुद्धा घेतले.

रविवारी त्यानं सरावाची काठी शेतात नेली. आजार काही सांगितला नाही, वयाचं निमित्त केलं. उमाशंकरच्या कमरेला चामडी पट्टा बांधला, खोबणीत बुडखा बसवला आणि कानात ते दोन शब्द सांगितले. उमाशंकरनं गाल फुगवले. काठी सरळ उभी राहिली, जरासुद्धा डुलली नाही. महालिंगप्पाचा ऊर भरून आला. वीस पावलं चालून पोरानं काठी उतरवली, तोंड फिरवलं आणि डावा हात सदऱ्याखाली घालून जांघ दाबली.

ती हालचाल ओळखायला त्याला डॉक्टर लागणार नव्हता.

“कवापास्नं?” त्यानं विचारलं.

“काय कवापास्नं, आप्पा?”

“हात हाय तिथंच ठिव आन् सांग.”

उमाशंकर खाली बसला. “दिवाळीपास्नं. पोरांनी पैज लावली हुती, म्या दोनशे किलो वजन उचललं. दम धरून.” मग म्हणाला, “तुमाला सांगितलं असतं तर मान गेला असता.”

महालिंगप्पानं आपला सदरा वर करून पट्टा दाखवला. बापलेक बांधावर बसले. हसावं की रडावं, दोघांनाही ठरवता येईना.

घरी सिद्धम्मा भाकरी थापत होती. ती नवऱ्याचं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “मला म्हायती हाय. दोघांचे पट्टे म्याच धुते न्हवं? लुगड्याखाली वाळत घालते. तुमी शपथ घातली, त्यानंबी घातली. बोलू कुणाला?”

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा चामडी पट्टा घेऊन स्वतः हणमंतप्पाच्या घरी गेला. उंबऱ्यावर पट्टा ठेवला, कारण सांगितलं. हणमंतप्पानं चहा केला. त्याच आठवड्यात बापलेकांची ऑपरेशनं झाली, एकाच खोलीत, समोरासमोरच्या खाटांवर. सिद्धम्मा मधल्या स्टुलावर बसून दोघांना एकदमच रागवायची. तिची सोय झाली.

जत्रेच्या दिवशी काठी उचलणाऱ्याला पट्टा स्वतः बांधता येत नाही. तो मागून दुसऱ्यानं बांधावा लागतो. हणमंतप्पानं महालिंगप्पालाच बोलावलं. महालिंगप्पानं मागून पट्ट्याची गाठ मारली. वाईट वाटत होतं, लई वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं.

“आप्पा,” हणमंतप्पा हळूच म्हणाला, “तुमच्या घरचं काय ते आता मला सांगा की.”

 महालिंगप्पा त्याच्या कानाशी वाकला.

“उसिरु बिडू. श्वास सोड. आमी चार पिढ्या धरला.”

हणमंतप्पा मोठ्यानं श्वास सोडत उठला. काठी पहिल्या पावलाला डुलली, लोक कुजबुजले, मग ती सावरली आणि वेशीच्या वाटेला लागली. गुलाल उधळला गेला. तो महालिंगप्पाच्या नाकात गेला. आडोसा शोधायला वेळच मिळाला नाही. सगळ्या गावादेखत तो शिंकला. डावा हात सवयीनं सदऱ्याखाली गेला होता. तिथं धरून ठेवायला काही नव्हतं.