फळ्याच्या कोपऱ्यातली सही

वर्देबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर पुढच्या पंधरवड्याच्या वेळा लिहीत होतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून तारा धावत आली. ती आमची जुनी विद्यार्थिनी, आता इथेच शिकवते. एरवी माझ्याशी नीट छापील मराठीत बोलणारी तारा त्या दिवशी एवढंच म्हणाली, "सर, बाई गेली." खडू माझ्या हातातच राहिला... समोर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या तेलरंगातली बाईंची सही होती. वरच्या वेळा दर पंधरवड्याला पुसल्या जातात, सही पुसली जात नाही. त्या सहीविषयीच लिहायचं आहे. फार उशिरा लिहितो आहे, पण आता लपवून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमचं कॉलेज कर्लीच्या खाडीवर, मुखापासून थोडं आत, एका टेकाडावर. ते सुरू झालं तेव्हाचे दिवस आठवले की अजून अंगात वारं शिरतं! मी गणिताचा नवा अधिव्याख्याता, कॉलरला इस्त्री आणि डोक्यात शहाणपणा घेऊन मालवण बंदरावरच्या घरातून सायकलवर येत असे. वर्देबाई उपप्राचार्य. ठेंगण्या, सावळ्या, पायात कायम रबरी चपला, कारण होडीतून उतरताना चिखल ठरलेला. त्या शिकवत इंग्रजी, पण खरा जीव अडकलेला कॉलेज कसं चालावं यात. "आपण मुंबईच्या कॉलेजचं वेळापत्रक इथे आणून टांगलंय," त्या म्हणत, "आणि मुलं गैरहजर राहिली की मुलांना दंड! गैरहजर तर आपण आहोत."

कारण साधं होतं. खाडीच्या वरच्या अंगाच्या वालावलपासून खालपर्यंतची मुलं होडीनं येत. ओहोटीबरोबर खाली यायचं, भरतीबरोबर वर परतायचं. पाण्याची वेळ रोज पुढे सरकते, आमची घंटा मात्र रोज एकाच वेळी व्हायची. बाईंनी मांडलं की घंटा पाण्याबरोबर सरकवू. अष्टमीच्या आसपास कॉलेज सकाळी, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी. संस्थेच्या मंडळापुढे हे आलं तेव्हा अध्यक्ष, बाजारपेठेतले मोठे व्यापारी, मांडीवर थाप मारून हसले. "बाईनू, मगे चंद्राकच प्राचार्य करूया!"

"करा ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "महिन्यातून एकच दिवस रजा घेतो."

सगळी खोली हसली, अध्यक्षही हसले, आणि एका सत्रापुरती परवानगी मिळाली. मी तर बाहेर येऊन अक्षरशः उडीच मारली. गणिताच्या माणसाला याहून सुंदर काम कुठलं? वेळा काढायचं काम बाईंनी माझ्यावर सोपवलं. फळा टांगला, मी सुबक अक्षरात वेळा लिहिल्या, आणि बाईंनी रंगाचा डबा मागवून खाली आपली सही रंगवली. मी म्हटलं, "बाई, खडूनं केली असतीत तर?" म्हणाल्या, "वेळा चुकल्या तर कुणाला पकडायचं ते मुलांना कायम दिसायला हवं."

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. त्यापूर्वी प्रवेश म्हणजे काय, तर भावकीतला कुणी आर्ट्सला गेला म्हणून धाकटाही आर्ट्सला. बाईंनी उंडीच्या झाडाखाली एक बाक ठेवला. प्रत्येक मुलानं घरच्या माणसाला घेऊन तिथे यायचं आणि बोलायचं. बसायचं शेजारी शेजारी, तोंड खाडीकडे करून. "समोरासमोर बसवलं की मूल आपल्याला हवं ते उत्तर देतं," त्या म्हणत. ताराला तिच्या बाबांनी आणलं तेव्हा मी आणि इतिहासाचे सहकारी मागे उभे होतो.

"घरात काय काम करतंस गो?" बाईंनी विचारलं.

"जाळ्यांक साल लावतंय, कुसू नयेत म्हणान. ऐनाची साल उकळून." तारानं रंगलेली बोटं दाखवली. "पयल्या खेपेक रंग चढना नाय, दुसऱ्या खेपेक चढता. कित्याक तां माका म्हायत नाय."

तिचे बाबा ओशाळले. "बाईनू, आर्ट्साक घाला. चेडवाक सायन्स कित्याक?"

"बघा, तुम्हीपण 'कित्याक' विचारताय! तुमच्यावरच गेली आहे ती," बाई म्हणाल्या. "असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला मी इतिहासात बसवू?" इतिहासाच्या सहकाऱ्यांनी मोठ्यानं घसा खाकरला. तारा सायन्सला गेली.

काय दिवस होते ते! वर्ग भरू लागले, होड्या गाणी म्हणत धक्क्याला लागू लागल्या. तारकर्लीची मुलं वाळूतून चालत येऊन वरून येणाऱ्यांना चिडवत, "चंद्राची पोरां इली रे!" प्राचार्य निवृत्त होणार होते आणि ती जागा बाईंना मिळणार हे शिपायापासून सगळे धरून चालले होते. त्यांच्या डोक्यात पुढच्या योजना तयार होत्या. खाडीवरच्या शाळांतून आधीच जाऊन मुलांशी बोलायचं, होड्यांच्या धक्क्यावरच वाचनालय करायचं...

मग सहामाही परीक्षा आली, नेमकी अमावास्येला लागून. वेळ मीच काढली. बाईंनी जाता जाता सांगितलं होतं, "वरच्या अंगाला पाणी उशिरा पोचतं हं. वालावलच्या मुलांना विचारून घ्या." मी हो म्हटलं आणि विचारलं नाही. मी बंदरावर वाढलेला, भरती-ओहोटी मला कुणी शिकवावी? बंदरावर पाणी कधी फिरतं ते मला पाठ होतं, आणि सगळी खाडी बंदरासारखीच असते असं मी धरलं. बंदरावर ओहोटी लागली तरी वालावलला अजून पाणी चढतच असतं, हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. मी कुणाला विचारायला कमीपणा मानला, एवढीच माझी चूक होती. तेवढी पुरली.

मुलं माझ्या वेळेवर विसंबून निघाली, आणि उधाणाच्या चढत्या पाण्याविरुद्ध वल्ही मारत आली. नियमाप्रमाणे परीक्षेचं दार बंद झालं तेव्हा होड्या अजून वळणावर होत्या. तारा धक्क्यावरून पळत वर आली. परकर पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेला, तळहात वल्ह्यानं सोललेले. दाराशी उभं राहून ती रडली नाही. तिनं फक्त फळ्याकडे पाहिलं. मी खिडकीआडून तिच्याकडे पाहत होतो.

मंडळाची तातडीची सभा झाली. अध्यक्षांचा आवाज आता चढलेला होता. "कोणी केल्यान हो हिशोब? त्याचा नाव सांगा."

मी बाईंच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी टेबलावरच्या तांब्याकडे पाहत राहिलो...

"फळ्यावर सही माझी आहे," बाई म्हणाल्या. "जबाबदारी माझी. परीक्षा पुन्हा घेऊ. प्राचार्यपद दुसऱ्या कुणालाही द्या, पण घंटा पाण्याबरोबरच राहू दे."

मंडळानं तो सौदा उचलला. प्राचार्य बाहेरून आणले, बाईंकडून नियोजन काढून घेतलं, आणि ते दिलं कुणाला, तर मला! गणिताचा माणूस म्हणून. मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी खडूचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता वालावलला जाऊन या." बस्स. गेलो. भरतीबरोबर होडीतून वर जाताना मुलांनी मला वल्हं धरायला लावलं, हसून हसून होडी उलटायची वेळ आणली, आणि तिथल्या देवळाच्या खालच्या पाण्यात उभं राहून पाणी कधी फिरतं ते दाखवलं. पुन्हा घेतलेल्या परीक्षेला सगळ्या होड्या वेळेआधी आल्या. तारा रसायनात पहिली आली. वेळापत्रक टिकलं, बाक टिकला, शेजारच्या कॉलेजांतून माणसं बघायला येऊ लागली आणि त्यांना सगळं समजावून सांगायचा मान मला मिळू लागला. बाई शेवटपर्यंत इंग्रजी शिकवत राहिल्या, मोकळ्या तासाला बाकावर बसत राहिल्या. मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

शोकसभेत मी बोलायला उभा राहिलो. चांगलं भाषण तयार होतं, तोंडातून दुसरंच निघालं. "त्या परीक्षेची वेळ मी चुकवली होती. बाईंनी नाही. मी त्या सभेत गप्प बसलो, आणि त्यांच्या जागेवर बसलो."

सभागृहात कुणी चकित झालं नाही. मला तेच भयंकर वाटलं. मागून तारा उठली.

"सर, आमका सगळ्यांक म्हायत होता. फळ्यावर अक्षर तुमचाच होता मां?" तिचा आवाज फुटला, तरी ती हसत होती. "त्याच दिवशी आम्ही बाईकडे गेललो, तुमचा नाव घेवन. बाई म्हणाली, सर आपणहून सांगतीत तेव्हा ऐका. तवसर कोणी नाव काढूचा नाय." मग डोळे पुसून तिनं पुढे म्हटलं, "लय उशीर केलात, सर. आम्ही वाट बघत होतो."

परवा मी रंगाचा छोटा डबा आणला. सकाळी होड्या लागायच्या आधी व्हरांड्यात उभा राहिलो. बाईंच्या सहीचा रंग थोडा पिवळा पडला आहे, पण अक्षर न् अक्षर शाबूत आहे. तिला हात लावला नाही. तिच्या शेजारी, थोडी जागा सोडून, माझी सही रंगवली. ती ओली असतानाच मुलं वर आली. एकानं वाचून विचारलं, "सर, ह्या कित्याक?"

"वेळ चुकलो तर माका पकडा," मी म्हटलं. मग त्यांच्यातल्या वालावलच्या मुलीला बोलावलं आणि उद्याचं पाणी कधी फिरेल ते विचारून घेतलं.