तारणाचा फोटो

साखळीची तुटलेली कडी जोडून घ्यायला मी आमच्या गावातल्या सराफांकडे बसलो होतो. त्यांच्याकडे सावकारीचा परवानाही आहे. तेवढ्यात एक बाई मंगळसूत्र गहाण ठेवायला आल्या. सराफांनी ते तोललं आणि मोबाइल काढला.

"नवा कायदा आलाय, ताई. दागिना आणि मालक, दोघांचा एकत्र फोटो लागतो. हातात धरा."

बाईंनी हातात धरलं नाही. मंगळसूत्र गळ्यात घातलं, पदर सारखा केला, वाट्या मधोमध आणल्या आणि फोटोसाठी हसल्या. त्या फोटोवरून कुणी म्हणणार नाही की दागिना गहाण पडतोय.

कायदा चांगलाच आहे. पूर्वी सगळा कारभार विश्वासावर चालायचा, आणि विश्वास बहुतेक वेळा बायकांनीच ठेवायचा असे. उद्या दागिना बदलला गेलाच, तर आता हातात पुरावा आहे.

मंगळसूत्र पाकिटात बंद झालं. मग सराफांनी खणातून काळ्या मण्यांची साधी पोत काढून पुढे केली. रिकाम्या गळ्यानं कुणाला पाठवायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज.

बाईंनी ती गळ्यात घातली. "हिचा नाही का काढत फोटो?"

"नाही, ताई," सराफ म्हणाले. "ही कायद्यात नाही."