चार परस

सोसायटीच्या चेअरमनचं तोंड बघायची मला आजही इच्छा होत न्हाय. पण त्याच्या विहिरीत मी वर्षानुवर्षं बघत आलो, ते पगार घेऊन. भूजलाच्या हाफिसातर्फे मी विहिरी मोजायचो. टेपला खडू फासून आत सोडायची. खडू जिथवर भिजला, तिथवर पाणी. आमच्या गावात मोजायची विहीर एकच, आणि ती नेमकी त्याची.

अशा आकड्यांवरनं हाफिसात नकाशा व्हायचा. पाऊस किती मुरला, उपसा किती, अजून किती विहिरी झेपतील. काम झकास, फक्त मोजायची तारीख आधी पत्रानं कळवायची रीत होती. पत्र आलं की हा बहाद्दर चार दिवस मोटार बंद ठेवायचा आणि विहीर निवांत भरायची. मला ते ठाऊक होतं. पाट कोरडाठाक दिसायचाच की! पण त्याच्या ओसरीवर चहा मिळायचा, आमच्या वस्तीतल्या माणसाला कानतुटक्या कपात का होईना. मी चहा प्यालो आणि लिहिलं, पाणी चार परसांवर. परस म्हणजे उभा माणूस.

त्या आकड्यानं नकाशात आमचं गाव हिरवं झालं. म्हणजे, खोदा! चेअरमननं आमच्या आडाच्या वरच्या अंगाला दोन विहिरी पाडल्या आणि ऊस लावला. दुष्काळातही अख्ख्या बौद्ध वस्तीला पुरलेला आड होळीच्या आतच आटला. माझी आई घागर घेऊन कोसभर चालायला लागली.

मग माझं टाळकं सटकलं. पुढच्या फेरीला पत्र न धाडता गेलो. मोटार धडाधडा चालू होती. टेप सोडली. अकरा परस!

चेअरमन आडवा आला. "तुमी लोकं आमाला पाण्यात बघता, दुसरं काय न्हाय."

"बघाया पाणी ठिवलंय कुठं तुमी?" मी म्हणालो.

"ही टेप हितंच टाकीन," तो म्हणाला, "आन् मागनं तुला."

आकडा साहेबापुढं ठेवला. साहेब म्हणाले, चाराचे एकदम अकरा होत नसतात, तुझीच चूक. आणि लाल रेघ मारली. हरामखोर, सगळे एका माळेचे मणी!

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, शिव्यांसकट. तीही माझ्याबरोबर चार शिव्या हासडील असं वाटलं होतं. ती डोक्यावरची चुंबळ नीट करत होती.

"अकरा तू लिवलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "पर ते चार कुनी लिवलं हुतं?"