दुसऱ्या कपाटाच्या मागून

आधी माझ्याबद्दल थोडं. पुढचं वाचताना ही बाई उठसूट घाबरणारी आहे असं कोणाला वाटायला नको. मी भूकरमापक आहे, म्हणजे शेताची, प्लॉटची सरकारी मोजणी करते. सतरा वर्षं हेच काम. कितीतरी गावांत लोकांनी मला सांगितलंय, "मॅडम, त्या धुऱ्यावर काहीतरी आहे, तिकडून नका जाऊ." मी त्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मोजणी केली आहे, डबाही तिथेच खाल्ला आहे. कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. असलं काही नसतंच, याची मला खात्री होती.

ती खात्री गेल्या फेब्रुवारीत गेली. रविवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, लख्ख उजेडात, माझ्याच स्वयंपाकघरात.

आम्ही दिग्रसला राहतो. गावाच्या कडेच्या नव्या वस्तीत नऊ वर्षांपूर्वी आम्हीच बांधलेलं घर आहे. घरात तीन माणसं... मी, माझे मिस्टर संदीप आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. संदीप नोकरीसाठी आठवडाभर मुकुटबनला असतात, शनिवारी येतात.

शेतातून तूर आली, गहू आला, की आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहत नाही. पिंपं, डबे, पोती, सगळं जमिनीवर. जानेवारीत आत्याबाई त्या पिंपांना अडखळून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. गुडघे आधीच गेलेले, आता हातही प्लास्टरमध्ये. माझ्या मनाला फार लागलं ते. दोन वर्षं मी नुसतं म्हणत होते की उंच कपाटं करून घेऊ. मिस्त्री 'आज येतो, उद्या येतो' करत होता. शेवटी ठरवलं की आपणच करायचं.

हसू नका, पण मोजमापाची मला सवयच आहे. फ्रिज आणि खिडकीची भिंत यांच्या मधली जागा मी तीन ठिकाणी मोजली... खाली, मध्ये आणि वर. आपल्याकडच्या भिंती कधीच सरळ नसतात. दोन कपाटं बसत होती. प्रत्येक साडेसात फूट उंच, दोन फूट रुंद, वीस इंच खोल. एवढं उंच कपाट आडवं जोडायचं आणि मग उभं करायचं असतं, तेव्हा ते फिरताना छताला अडणार तर नाही ना, याचाही हिशोब केला. यवतमाळहून प्लाय कापून आणला. फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून खाली चार इंच उंचीची लाकडी चौकट करून ती जमिनीला पक्की केली. कपाट तिच्यावर ठेवायचं आणि वरून लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळायचं. हे आवळणं सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर उंच कपाट अंगावर यायला वेळ लागत नाही.

पहिलं कपाट मी आणि संदीपनी मिळून एका रविवारी बसवलं. घाम निघाला, पण बसलं.

दुसरं पुढच्या रविवारी बसवायचं होतं. पण संदीपना सकाळीच केळापूरला जावं लागलं, नात्यातल्या एकांची तब्येत बिघडली होती. जाताना दोनदा बजावलं, "मी येईपर्यंत हात नको लावू त्याले. चार वाजेपर्यंत येतोच मी."

मी हो म्हटलं. आणि ते गेल्यावर तासाभरात कपाट जोडायला घेतलं. जोडायला काय हरकत आहे, उभं नंतर करू... असं मनाशी म्हणत होते. जोडून झालं तेव्हा अकरा वाजले होते. कपाट स्वयंपाकघरात पालथं पडलेलं, त्याच्यामुळे गॅसपर्यंत जाता येईना. आत्याबाईंची दुपारची गोळी जेवणानंतरची. म्हटलं, उभं तरी करून ठेवू.

आत्याबाई दारातून बघत होत्या.

"काहून वं, एकटी काहून करून राह्यली? संदीप येऊ दे नं."

"नुसतं उभं करते आत्याबाई. तुम्ही समोरच्या खोलीत बसा."

"मी कायले जाऊ? मी इथंच बसतो, ओट्यापाशी. तूर निवडतो डाव्या हातानं."

आणि त्या माझ्या पाठीमागे, ओट्याच्या दाराकडच्या टोकाला टेकून, सूप घेऊन जमिनीवर बसल्या. मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही.

कपाट उभं झालं. वजन पंचावन्न-साठ किलो असेल, पण हळूहळू हात वर सरकवत केलं उभं. आता ते चौकटीच्या पुढ्यात उभं होतं, पाठ भिंतीकडे आणि उघडी बाजू माझ्याकडे. इथे थांबायला हवं होतं. पण चारच इंच तर उचलायचंय, असं वाटलं. मी ते खालून उचलून ढकललं. मागची कड चौकटीवर चढली. पुढची खालीच राहिली. आणि अख्खं कपाट माझ्या अंगावर झुकलं.

मी दोन्ही हात लावले. थोपेना. पाय फरशीवरून मागे घसरायला लागले. मागे दोन हातांवर आत्याबाई... त्यांना आधाराशिवाय उठता येत नाही. मी ओरडले, "सरका! आत्याबाई, सरका!" सूप पडल्याचा आवाज आला. त्या सरकू शकत नव्हत्या. मला वळून बघता येत नव्हतं. वरची कड माझ्या डोक्यावरून पुढे आली होती, कोपर वाकत चाललं होतं, आणि मला स्वच्छ कळत होतं की आता फार तर दोन-तीन श्वास. मग हे आम्हा दोघींवर पडणार.

आणि वजन कमी झालं.

झटक्याने नाही. पलीकडून कोणीतरी नीट पकड घेऊन ओढावं, तसं. कपाट माझ्या हातांतून हळू मागे गेलं, पुढची कडही उचलली जाऊन चौकटीवर आली आणि ते सरळ उभं राहिलं. मग कपाटाच्या मागून पुरुषाचा आवाज आला. शांत, जरासा घोगरा.

"डावा कोना वर घ्या. तुमचा डावा."

मी घेतला. खरंच सांगते, मला त्या क्षणी काहीही वावगं वाटलं नाही. कामाच्या जागी दोघं मिळून काही उचलताना आपण समोरच्याचं ऐकतो ना, तसं ऐकलं.

"अजून उलसाक."

उलसाक म्हणजे थोडंसं. मी अजून थोडा उचलला. खाली काहीतरी सरकवल्यासारखं खरखरलं.

"हां. ठेवा आता. सरकवा."

मी ढकललं आणि कपाट चौकटीवरून सरळ आत गेलं, भिंतीला जाऊन टेकलं. मी म्हणाले, "सोडू नका हं." हे माझं वाक्य मला पक्कं आठवतं. आणि उत्तर आलं, "नाही सोडत. इसक्रू मारून घ्या बाई. म्या धरलं हाये."

मी स्टुलावर चढले, पट्ट्या लावल्या, चारही स्क्रू आवळले. खाली उतरले. तेव्हा आत्याबाई बोलल्या. एवढं होऊनही त्यांनी रीत सोडली नव्हती.

"देवासारखा आला वं तो मिस्त्री. त्याले चहा ठेव."

मी "हो" म्हणून गॅसकडे वळले. लायटर हातात घेतला. आणि मग लक्षात आलं. कपाटाच्या मागे कोण असणार? कपाट अंगावर येत होतं तेव्हा मागे फार तर फूटभर फट होती. तिच्या एका बाजूला पहिलं कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत. मांजर शिरलं असतं तिथे, माणूस नाही. आणि 'म्या धरलं हाये' हे शब्द आले तेव्हा तर कपाट भिंतीला टेकलेलं होतं. बोट जायला जागा नव्हती.

मी दारं बघितली. मागच्या दाराला आतून कडी. पुढच्या दाराला आतून कडी. खिडकीला जाळी आणि गज. मी स्वयंपाकघरात परत गेले, आत्याबाईंच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, जवळजवळ ओढतच बाहेर नेलं आणि आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. संदीप येईपर्यंत. उन्हात. त्या विचारत होत्या, "अवं पण तो गेला कुठी?" आणि मी दाराकडे बघत होते.

चारच्या सुमारास संदीप आले. सगळं ऐकून आधी चिडले. साहजिक होतं. मग म्हणाले, "घाबरली होती तू. अशा टायमाले माणसाच्या अंगात ताकद येते. तूच ढकललं असशीन."

"आणि आवाज?"

"बाहीरून कोणी बोललं असंन, खिडकीतून."

खिडकीबाहेर मोकळा प्लॉट आहे. तरी त्यांनी शेजारी विचारलं. त्या वेळी कोणीच तिकडे नव्हतं. संदीप स्वतः खिडकीबाहेर जाऊन ओरडले, "डावा कोना वर घ्या!" मी आणि आत्याबाई आत उभ्या होतो. आवाज अगदी वेगळा, लांबचा वाटला. आत्याबाई म्हणाल्या, "नाही रे बाबू. तो पाठीमागूनच बोलत होता, कपाटाच्या. मले तं वाटलं तूच कोनाले पाठवलं."

मी एकटीने ऐकलं असतं तर मीसुद्धा संदीपचं म्हणणं मानलं असतं. पण आत्याबाईंनी शब्दन् शब्द ऐकला होता. 'उलसाक'सकट.

संदीपनी कपाटावर लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये. आम्ही दोघांनी मिळून बसवलेलं पहिलं कपाट थोडं कललेलं आहे, हे तर एकदम काटेकोर. मग त्यांनी जमिनीवर पालथं पडून, खालच्या मोकळ्या चौकटीत टॉर्च मारला.

"ही पाचर तू टाकली?"

मी वाकून बघितलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात, चौकट आणि कपाट यांच्या मध्ये, लाकडाची पाचर ठोकलेली होती. नीट तासलेली, ताजी, अंगठ्याएवढी रुंद. सागवानाची. आमच्या घरात सागवान नाही. दारं लोखंडी चौकटीची, कपाटं प्लायची, त्यांच्या खालची चौकटसुद्धा बाभळीच्या पट्ट्यांची. आणि चौकटीच्या मधल्या आडव्या पट्ट्यांतून टॉर्चचा उजेड जातो, पण त्या कोपऱ्यापर्यंत पुढून हात पोचत नाही. संदीपचा लांब हातही पोचला नाही.

त्यानंतर संदीप 'घाबरली होती तू' असं एकदाही म्हणाले नाहीत.

माझ्या हातात होतं ते सगळं मी केलं. ऑफिसच्या कामाच्या ओघात आमच्या जागेचे जुने नकाशे काढून पाहिले. आधी कपाशीचं शेत होतं, त्याच्याआधीही शेतच. विहीर नाही, घर नाही, कोणाचं थडगं नाही. आमच्या घराचं सुतारकाम ज्यांनी केलं ते आर्णीकडचे मिस्त्री धडधाकट आहेत, मी फोन केला तर स्वतःच बोलले. त्यांचा आवाज बारीक आहे. आमच्या घरात, माझ्या माहेरी, सुतारकाम करणारं कोणी झालं नाही. म्हणजे ज्याच्याशी धागा जुळवावा असं कोणीच नाही. लोक सांगतात त्या गोष्टींत शेवटी काहीतरी सापडतं. मला काही सापडलं नाही.

आत्याबाईंना भीती वाटत नाही. त्या म्हणतात, "त्यानं वाचवलं तुले नं मले. भ्याचं काय त्यात?" त्यांचं बरोबर असेल. पण मला भीती वाटते. स्वयंपाक करताना पाठ कपाटाकडे होते म्हणून मी भाजी जेवणाच्या टेबलावर चिरते. एकटी असले की रेडिओ लावत नाही... कोणी बोललं तर ऐकू यायला हवं, असं वाटतं. आणि कोणी बोलू नये, असंही. एकदा वरच्या खणात गव्हाचा डबा ठेवताना तो कलला आणि मी नकळत थांबले. कोणी काही म्हणतंय का, याची वाट बघत. कोणी काही म्हणालं नाही. त्या दिवसानंतर कधीच नाही.

तुमच्यापैकी कोणी सुतारकाम करत असेल तर मला एवढंच सांगा... तोल जाऊन माणसाच्या अंगावर आलेलं साठ किलोचं कपाट आपोआप मागे जातं का? मी कागदावर मांडून पाहिलंय. मला तरी ते जाताना दिसत नाही.

मागच्या महिन्यात संदीप म्हणाले, "तुले एवढा तरास होऊन राह्यला तं काढून टाकू दोन्ही. दोघं आहोत आपण, अर्ध्या तासाचं काम."

मी स्क्रू ड्रायव्हर आणला. डबे खाली उतरवले. संदीपनी दोन स्क्रू सैल केले आणि म्हणाले, "धर आता पुढून."

मी हात लावले आणि तशीच उभी राहिले. कपाट पुढे ओढलं की मागे भिंत दिसणार. पांढरा डिस्टेंपर मारलेली नुसती भिंत, दुसरं काही असूच शकत नाही, हे मला माहीत आहे. पण ते बघायचं माझं धाडस होईना.

संदीपनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही स्क्रू परत आवळले.